रॅम तपासायला कॉम्प्युटर बंद कशाला करायचा?

कॉम्प्युटर अधूनमधून निळा पडतो, कालपर्यंत उघडणारी झिप फाइल आज करप्ट असल्याचं सांगते, ब्राउझर काही कारण नसताना मिटतो. अशी तक्रार कुणी मांडली की जाणकारांचे दोन तट ठरलेले असतात. एक म्हणतो, फॉरमॅट मारून बघ. दुसरा म्हणतो, रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, बिघडली असेल; ती तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घे, त्यावरून मशीन बूट कर आणि रात्रभर चालू ठेव. मध्येच कुणी बिचकत विचारलं, की विंडोज किंवा लिनक्स चालू असतानाच रॅम तपासता येणार नाही का, तर एरवी भांडणारे हे दोन्ही तट एक होतात आणि त्याला वेड्यात काढतात. चालू सिस्टीममधली तपासणी म्हणजे धूळफेक, हे जणू सिद्धच झालेलं आहे.

मला ते सिद्ध झालेलं वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे, की ऑपरेटिंग सिस्टीमने आपलं काम करता करता मेमरी तपासत राहावं, रोज, कुणी न सांगता. आज ती हे करत नाही याचं कारण तंत्रात शोधून सापडणार नाही. ते सापडतं बनवणाऱ्यांच्या आणि विकत घेणाऱ्यांच्या प्राधान्यक्रमात. बूट करून केलेली कसून तपासणी खरी की चालू असताना केलेली खरी, हा वाद मुळातच वाकडा मांडला जातो. पहिलीने गुन्हा शाबीत करायचा असतो, दुसरीने वेळेवर संशय घ्यायचा असतो. संशयच न घेता थेट खटला भरायची पद्धत कुठे असते?

विरोधी बाजू मात्र पोकळ नाही, म्हणून ती आधी नीट मांडतो. लिनक्सवर मेमटेस्टर नावाचा जुना प्रोग्रॅम आहे. तो कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, मेमरीचा तुकडा मागतो, तो तुकडा डिस्कवर हलवला जाऊ नये म्हणून त्याला कुलूप लावतो, आणि त्यात वेगवेगळे नमुने लिहून परत वाचतो. पण सगळी रॅम त्याला कधीच मिळत नाही. उरलेल्या भागात कर्नल स्वतः बसलेला असतो, ड्रायव्हर असतात, इतर प्रोग्रॅम असतात. बिघडलेला सेल, म्हणजे एक बिट साठवणारा कप्पा, नेमका तिथे असेल तर मेमटेस्टर सकाळपर्यंत ‘ओके’ म्हणत राहणार. त्याला दिसणारे पत्तेही आभासी. खरोखरच्या चिपवर तो कुठे फिरतोय हे त्याला सहजी कळत नाही, आणि काही दोष तर असे असतात की शेजारच्या सेलमध्ये लिहिलं की या सेलमधला बिट उलटतो. कोण कोणाच्या शेजारी आहे हेच माहीत नसेल तर असा दोष पकडायचा कसा? त्यात प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याच्याजवळची छोटी, वेगवान मेमरी, आडवी येते: लिहिलेलं कॅशमध्येच राहिलं आणि तिथूनच परत वाचलं, तर रॅमला हात न लावताच रॅम उत्तीर्ण. शेवटचा मुद्दा ऐकायला गमतीचा पण खरा आहे. तपासणारा प्रोग्रॅम स्वतःच त्या संशयित रॅममध्ये राहतो.

हे सगळे मुद्दे बरोबर आहेत. पण त्यांतून सिद्ध काय होतं? एवढंच, की बाहेरून आलेल्या साध्या प्रोग्रॅमला हे काम पुरतं झेपत नाही. कर्नलने ते करू नये असं त्यातून कुठे निघतं? रॅम पेज नावाच्या छोट्या समान तुकड्यांत वाटलेली असते; कोणत्या फिजिकल पेजवर काय आहे, कोणतं पेज मोकळं आहे, कोणतं हलवता येतं याची खातेवही कर्नलकडेच असते. चालू प्रोग्रॅमच्या हातातलं पेज उचलून दुसरीकडे ठेवायचं आणि प्रोग्रॅमला पत्ताही लागू द्यायचा नाही, हे तो एरवीही करतो. बिघडलेलं पेज कायमचं वापरातून काढायची सोय लिनक्समध्ये 2009च्या 2.6.32 आवृत्तीपासून आहे. पेज पूर्ण बाद होण्याआधीच त्यातला मजकूर सुखरूप हलवून ते बाजूला ठेवण्याचा सौम्य प्रकारही आहे. हे तुकडे जोडून जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011मध्ये रॅमपेज नावाची यंत्रणा करून दाखवली: लिनक्स चालू, मशीनचं काम चालू, आणि मागे एकेक पेज ताब्यात घेऊन तपासणी चालू, जे नापास होईल ते वापरातून बाहेर. साध्या, स्वस्त मशीनवर. कर्नलच्या मुळातल्या काही पेजना हात लावता येत नाही हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. पण घरगुती कॉम्प्युटरच्या रॅममधला मोठा वाटा प्रोग्रॅमच्या डेटाचा आणि फाइलींच्या कॅशचा असतो, आणि तो हलवता येतो. दहातल्या आठ खोल्या तपासता येत असताना उरलेल्या दोन बंद आहेत म्हणून एकही उघडायची नाही, हा कुठला न्याय?

कॅशचा मुद्दा तर लवकर मिटतो. कॅशमधली ओळ रॅममध्ये ढकलायची सूचना प्रोसेसरमध्येच असते, कॅशला वळसा घालून थेट लिहिण्याचीही सोय असते. शेजारच्या सेलचा मुद्दा अधिक जड आहे, पण तो दोन्ही बाजूंना कापतो. चिपच्या आत ओळींची मांडणी कशी आहे हे उत्पादक सांगत नाहीत, त्यामुळे पेनड्राइव्हवरून बूट होणाऱ्या मेमटेस्टलाही खरं शेजारपण माहीत नसतं. 2014मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी रोहॅमर जगापुढे आणलं. एका ओळीवर वारंवार घाव घालून शेजारच्या ओळीतले बिट उलटवण्याचा तो प्रकार. बाजारातली रॅमची असंख्य मॉड्यूल्स (काड्या) त्याला बळी पडत होती, आणि तीही तोवर सगळ्या नेहमीच्या चाचण्या पास झालेली.

आता खर्चाचं बोलू, कारण ‘मशीन स्लो होईल’ हा आक्षेप सगळ्यात मोठ्यानं घेतला जातो आणि सगळ्यात कमी वेळा मोजला जातो. 16 जीबी रॅममध्ये 4 केबीची 41,94,304 पेजेस असतात. मार्च सी-मायनस ही मेमरी-चाचणीतली मान्यताप्राप्त पद्धत प्रत्येक ठिकाणी 10 वेळा वाचन-लेखन करते. कर्नलने सेकंदाला फक्त 100 पेजेस तपासली तर सेकंदाला सुमारे 4 एमबी एवढीच ये-जा होते. साध्या लॅपटॉपची मेमरी सेकंदाला 20 जीबीच्या घरात डेटा हलवू शकते. त्यापुढे हा आकडा काहीच नाही. आणि या कासवगतीनेही अख्ख्या 16 जीबीची फेरी पावणेबारा तासांच्या आत पुरी होते. पेज हलवण्याचा, कॅश रिकामी करण्याचा भार धरून हा खर्च दसपट वाढवा, तरी तो जाणवणार नाही. बॅटरीवर असताना थांबावं, चार्जर लावल्यावर पुढे सुरू करावं, एवढी अक्कल तर विंडोजच्या अपडेटलाही असते. (निदान असायला हवी.)

मुंबईकराला यातली गोम समजावून सांगायला नको. रविवारी मेगाब्लॉक घेऊन रुळांची मोठी कामं होतात आणि ती त्याच पद्धतीने व्हायला हवीत. पण म्हणून आठवडाभर हातात पाना-हातोडा घेऊन रुळाच्या कडेने चालणाऱ्या कीमनला कुणी घरी पाठवत नाही. रात्रभराची मेमटेस्ट हा मेगाब्लॉक आहे. आपल्या कॉम्प्युटरला कीमनच नाही, आणि मेगाब्लॉक कधी घ्यायचा हे अपघात झाल्यावर ठरतं.

रात्रीच्या तपासणीची एक अडचण कुणी बोलत नाही, ती म्हणजे रात्र. रॅमचा सेल हा बारीकसा कपॅसिटर असतो आणि त्यातला विद्युतभार सतत गळत असतो. म्हणून साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरून घ्यावी लागते. तापमान वाढलं की गळती वाढते, इतकी की चिप 85 अंशांपलीकडे गेली तर भरण्याचा वेग दुप्पट करावा लागतो असं डीडीआर या रॅमच्या प्रचलित प्रकाराचं प्रमाणच सांगतं. कमकुवत सेल आधी गरमीत मान टाकतो. चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी, ग्राफिक्स कार्ड तापलेलं, पंख्यात धूळ, एका वेळी दहा प्रोग्रॅम चालू, अशा अवस्थेत जो बिट उलटतो तो पहाटे तीनला, बाकी सगळं थंड असताना, शहाण्यासारखा वागेल. मग सकाळी स्क्रीनवर शून्य चुका दिसतात, रॅम निर्दोष ठरते आणि फॉरमॅट मारायची पाळी येते. फॉरमॅटनंतर काही दिवस बरे जातातही. बिघडलेल्या सेलवर आधी ड्रायव्हर येऊन बसत होता, आता एखाद्या फोटोचा तुकडा बसतो, एवढाच फरक. क्रॅश थांबतो आणि फोटो नासतो, आणि ते कळायला वर्ष लागतं.

‘रॅम एवढी बिघडतच नाही, नव्वद टक्के वेळा सॉफ्टवेअरचा घोळ असतो’ असं ठोकून सांगणारे भेटतात. ही टक्केवारी कुठून येते कोण जाणे. मोजमाप ज्यांनी केलं त्यांना वेगळं चित्र दिसलं. गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास 2009मध्ये प्रसिद्ध झाला: वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनमध्ये आणि 8 टक्क्यांहून अधिक मॉड्यूल्समध्ये किमान एक चूक नोंदली गेली, आणि अवकाशातल्या किरणांनी अवचित उलटणाऱ्या बिटांपेक्षा कायमस्वरूपी बिघाडांचं पारडं जड दिसलं. ते सर्व्हर होते, चोवीस तास राबणारे, हे मान्य. पण 2011मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी लाखो घरगुती मशीनांचे क्रॅश अहवाल तपासले, तेव्हा मेमरीच्या बिटामुळे एकदा क्रॅश झालेल्या मशीनला पुन्हा तसाच क्रॅश होण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त निघाली. म्हणजे बिघाड घर करून राहतो. आणि जो दोष पुन्हा पुन्हा येतो तो शोधायला सततची गस्तच लागते.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. एकदाच उलटून गेलेला बिट या गस्तीला सापडणार नाही. 18 मे 2003 रोजी बेल्जियममध्ये स्खारबेक इथे इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला 4,096 मतं जास्त पडली. आकडा अशक्य कोटीतला होता म्हणूनच तो लक्षात आला. 4,096 म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात एकच बिट उलटल्याचा फरक. मशीन पुन्हा पुन्हा तपासूनही दोष सापडला नाही, आणि बिट आपोआप उलटला असावा या अंदाजावर तज्ज्ञ थांबले. अशा घटनेवर उपाय एकच: प्रत्येक वाचनाच्या वेळी पडताळणी, म्हणजे ईसीसी मेमरी.

आणि इथेच वादातला सगळ्यात मजबूत पक्ष उभा राहतो: ईसीसी घ्या आणि विषय संपवा. मलाही ईसीसीच हवी. बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांची कामं शनिवार-रविवारी रिले मशीनवर लागत. मशीनला चूक सापडली की ते त्यांचं काम टाकून पुढच्या कामाला लागे, कारण सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करायला माणूस नसे. चूक झाली हे मशीनला कळतं तर कुठे झाली हे का कळू नये, या वैतागातून 1950चा त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध आला, आणि आजची ईसीसी त्याच वंशातली: 64 बिटांमागे 8 जादा बिट, एक चूक दुरुस्त, दोन चुका उघड. 1981च्या आयबीएम पीसीतही दर 8 बिटांमागे नववा पॅरिटी बिट होता. तो चूक दुरुस्त करू शकत नव्हता, पण चूक दिसताच मशीन थांबवत होता. पुढे स्वस्ताईच्या शर्यतीत तो नववा बिट घरगुती मशीनांतून गेला. आपण 1981पेक्षा आंधळे झालो आणि कुणी तक्रारही केली नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2021मध्ये यावरून इंटेलला झोडपलं. ईसीसी सामान्य ग्राहकापासून दूर ठेवल्याचा त्यांचा आरोप होता. पुढच्याच वर्षी ऐन कामाच्या धबडग्यात त्यांच्या स्वतःच्या, ईसीसी नसलेल्या मशीनमधली रॅम बिघडली. आधी जुना कर्नल चालवून पाहायचा आणि मग मेमटेस्ट86+ लावून रात्र घालवायची, हीच वाट त्यांनाही चालावी लागली. ज्याने कर्नल लिहिला त्यालाही कर्नल हे सांगू शकला नाही!

पण ‘ईसीसी घ्या’ हे ज्यांच्याकडे मशीन आधीच आहे त्यांना काय उत्तर झालं? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेल्या पीसीत, कॉलेजच्या लॅबमध्ये, सीएच्या ऑफिसात आज जी रॅम बसलेली आहे ती बिनईसीसीची आहे आणि अजून कित्येक वर्षं तीच चालणार आहे. डीडीआर5मध्ये चिपच्या आत ईसीसी आलं हे खरं, पण ते चिपच्या आतल्या चुकांपुरतं. चिप ते प्रोसेसर हा प्रवास त्यात झाकला जात नाही, आणि आत किती चुका दुरुस्त होताहेत हे सामान्य मशीनवर वापरणाऱ्याला कुणी सांगत नाही. शिवाय ईसीसीवाले सर्व्हर काय करतात पाहा. पॅट्रोल स्क्रबिंग नावाची यंत्रणा तिथे चालू कामात मागून सगळी रॅम वाचत फिरते, म्हणजे कुणी न वापरलेल्या कोपऱ्यात दोन चुका साठण्याआधी पहिली सापडावी. ज्यांच्याकडे उत्तम संरक्षण आहे त्यांना गस्तही हवी, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना गस्तीची गरज नाही? डिस्कच्या बाबतीत हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. डेबियन या लिनक्सवर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) लावली की महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर चालू मशीनवर सगळ्या डिस्कची पडताळणी आपोआप होते, आणि ती धूळफेक आहे असं कुणी म्हणत नाही.

कर्नलला काही कळतच नाही असंही नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड याची आहे. मोकळ्या पेजमध्ये ठरावीक नमुना भरून ठेवायचा आणि पेज पुन्हा देताना तो जागेवर आहे का पाहायचं, ही सोय लिनक्समध्ये आहे. ती सॉफ्टवेअरमधल्या चुका पकडायला केलेली, त्यामुळे सहसा बंदच असते. पण तिच्यात फरक फक्त एका बिटाचा निघाला तर तसं वेगळं लिहिण्याची तजवीज आहे. मेमरी वाटपाच्या जुन्या स्लॅब कोडमध्ये तर स्पष्ट वाक्यच होतं: एका बिटाची चूक आढळली, बहुधा रॅम खराब आहे, मेमटेस्ट86+ चालवा. म्हणजे संशय चालू सिस्टीमनेच घेतला, दिशा बरोबर धरली, आणि मग हात झटकून माणसाला पेनड्राइव्ह शोधायला पाठवलं.

कर्नल करत नाही म्हणून वरचे लोक आपापली सोय लावत बसतात. रेडिस या डेटाबेसचे जनक साल्वातोरे सानफिलिप्पो यांना क्रॅशच्या तक्रारी येत. त्यांतल्या काहींचा माग काढत गेलं की हाती लागे खराब रॅम. शेवटी त्यांनी रेडिसलाच शिकवलं: क्रॅश झालास तर मरण्यापूर्वी आपल्या ताब्यातली मेमरी, आतला डेटा जपून, तपासून जा आणि अहवालात लिही. एका डेटाबेसला मरता मरता जे जमतं ते कर्नलला जिवंतपणी जमू नये?

एक आक्षेप मी खरोखर गंभीर मानतो, तो खोट्या घंटेचा. चूक दिसली म्हणजे रॅमच दोषी असं नाही. एक्सएमपी या सेटिंगने वाढवलेला रॅमचा वेग, दमलेला पॉवर सप्लाय, स्लॉटमधली धूळ, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, कुणीही असू शकतं. ‘तुमची रॅम खराब आहे’ असा लाल डबा एकदा दाखवला की माणूस दुकानात धावणार आणि नवी रॅम घेऊनही त्रास तसाच राहणार. म्हणून एका चुकीवर ओरडू नये. तेच पेज पुन्हा तपासावं, मशीन रीस्टार्ट झाल्यावर परत तपासावं, पत्ता तोच निघाला तर पेज बाजूला काढावं आणि मग साध्या भाषेत सांगावं: या जागी इतक्यांदा चूक दिसली, ती जागा आता वापरात नाही, वेग वाढवला असेल तर आधी मूळ सेटिंगवर आणा आणि सवडीने पूर्ण तपासणी करा. पेनड्राइव्हवाल्या मेमटेस्टचं काम इथे सुरू होतं. अशा नोंदी हाती असल्या तर ‘विंडोज टाकून बघा’ म्हणणाऱ्या दुकानदारापुढे ग्राहकाकडेही काही कागद असेल.

उत्पादकांना हे आवडणार नाही, कारण वॉरंटीच्या मुदतीत मशीन स्वतःच आपल्या दोषाची नोंद ठेवायला लागलं तर खर्च त्यांच्या दारात येतो. डिस्कच्या बाबतीत चाक फिरलं ते 1990च्या दशकात, जेव्हा कॉम्पॅकसारख्या पीसी बनवणाऱ्या कंपनीने डिस्क कंपन्यांकडून आरोग्याच्या नोंदी मागायला सुरुवात केली आणि त्यातून स्मार्ट हे प्रमाण उभं राहिलं. मागणारा गिऱ्हाईक मोठा होता. रॅमसाठी तसा गिऱ्हाईक कोण? हजारोंनी लॅपटॉप घेणारी राज्य सरकारं, विद्यापीठं, बँका निविदेत एक ओळ वाढवू शकतात.

आणि त्यांना घाई असायला हवी, कारण पातळ लॅपटॉपांत रॅम आता मदरबोर्डवरच डकवलेली येते. पूर्वी खराब काडी काढून दुसरी लावता येत होती. आता एक सेल गेला की दुरुस्तीवाला अख्ख्या बोर्डाचा भाव सांगतो आणि बहुतेक लोक मशीनच भंगारात देतात. खराब जागा वगळून बाकी रॅम वापरायची सोय आजही आहे: विंडोजमध्ये बीसीडीएडिट या आज्ञेतून खराब पेजांची यादी देता येते, लिनक्समध्ये बूट होतानाच्या सूचनेत तो पत्ता राखून ठेवता येतो. फक्त तो पत्ता कोणता हे शोधायचं काम ज्याच्या हाती मशीन आहे त्याच्यावर टाकलेलं आहे, आणि तोवर 4 केबीच्या एका पेजापायी 16 जीबीचा बोर्ड कचऱ्यात गेलेला असतो.